डाव्या खांद्याचा उतार

डॉक्टरांनी पेटीतला दिवा लावला, काचेवर एक्स-रे अडकवला, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला माझा कणा पहिल्यांदा दिसला. धुक्यातून यावा तसा तो वर आला. मानेखाली थोडा सरळ चालला, मग उजवीकडे झुकला, कमरेपाशी डावीकडे वळला आणि शेवटी पुन्हा जागेवर येऊन बसला. आमच्या गावाकडची पायवाट अशीच बांध सांभाळत जाते. मला तो बघत राहावासा वाटला. आपल्या आत इतकी वर्षं असं काही वळणावळणाचं चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही, याचं भय वाटायच्या आधी मला नवल वाटलं. भय वाटलं ते दवाखान्याचा जिना उतरताना.

"स्कोलिओसिस," डॉक्टर म्हणाले. "कण्याला बाक आहे. हा आजचा नाही, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासूनचा असणार. आता मणक्यांची झीज सुरू झाली, म्हणून तो त्रास द्यायला लागलाय."

माझे यजमान दिनेश एका गोदामात सुपरवायझर आहेत. खोक्यांच्या थप्प्या सरळ लागल्यात की नाही, हे बघण्यात त्यांचा दिवस जातो. त्यांनी एक्स-रेकडे मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे ही सरळ कधी होणार?"

डॉक्टर हसले. दिनेश हसवण्यासाठी बोलले नव्हते. तो प्रश्न त्या दिवशी आमच्याबरोबर घरी आला आणि पुढचं वर्षभर आमच्यात राहिला.

माझाच ब्लाउज

मी भिवंडीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. कल्याण नाक्याकडून आत येणाऱ्या एका गल्लीत माझं छोटं दुकान आहे. आत दोन मशीन, एक माझं आणि एक शबनमचं. ती पिको-फॉल करते. मागच्या बाजूला लूमचे, यंत्रमागांचे कारखाने आहेत, त्यांच्या खटखटीत आमचं बोलणं चालतं.

ब्लाउज शिवताना खांद्याचा उतार पाहावा लागतो. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत अंग किती खाली उतरतं ते प्रत्येकीचं वेगळं असतं. उतार चुकला की गळा सरकतो, बाही ओढते आणि बाई दुकानात येऊन आपला उद्धार करते. माझा स्वतःचा डावा खांदा कायमच जास्त उतरलेला होता. मी डाव्या बाजूला जास्त उतार कापायचे आणि आतून पातळसं पॅड लावायचे. दोन-चार वर्षांनी गळा परत सरकायचा, मी परत थोडा उतार वाढवायचे. आरशात सगळं समान दिसलं की विषय संपला.

कापड शरीराला जुळवायचं हा आमचा धंदा. कापड बसत नसेल तर दोष कापडाचा, कात्री चालवा. शरीराचंच काही बिनसलं असेल, असं शिवणाऱ्या बाईच्या मनातच येत नाही. मी इतकं छान शिवलं की माझा बाक माझ्या आईला दिसला नाही, नवऱ्याला दिसला नाही आणि मलाही दिसला नाही. याचं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

दुखणं सुरू झालं ते उजव्या पायात. कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिले की ढुंगणापासून पोटरीपर्यंत आतून गरम पाणी ओतल्यासारखं वाटायचं. टेबलावर ओणवं झालं की थांबायचं. मंडईत जाताना मी भाजीच्या हातगाड्यांवर कोपर टेकवत टेकवत जायला लागले. एक भाजीवाला म्हणाला, "ताई, घ्यायचं काय ते सांगा, गाडी का ढकलताय?" त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले.

खटखट

भिवंडीच्या डॉक्टरांनी आम्हाला ठाण्याला मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी आधी एमआरआय करायला सांगितला. तिथल्या मुलाने मला फार समजावलं. आत बोगद्यासारखं आहे, फार आवाज होतो, काही लोक घाबरतात, घाबरलात तर हातातला हा फुगा दाबा. मी फुगा धरला आणि आत सरकले.

आवाज सुरू झाला आणि माझे डोळे मिटले. तो आवाज मला अगदी ओळखीचा होता. माझे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवायचे, आमची खोली त्याच भिंतीला लागून होती. मी पाळण्यात होते तेव्हापासून या खटखटीत झोपलेय. स्वप्नात मला तो कारखाना दिसला, पण त्यात माणूस नव्हता. सगळे लूम आपापले चालले होते आणि पांढरंशुभ्र कापड पाण्यासारखं जमिनीवर उतरत होतं. मी त्यावरून अनवाणी चालत होते आणि पाय दुखत नव्हता. 

मग एकदम शांत झालं आणि मी दचकून जागी झाले. "लाइट गेली का?" मी विचारलं.

तो मुलगा बोगद्याच्या तोंडाशी येऊन बघतच राहिला. "मावशी, तुम्ही झोपला होतात?"

भिवंडीत झोप मोडते ती आवाज थांबल्यावर. त्याला ते कळलं नसतं, म्हणून मी नुसतं हो म्हटलं.

काय काय करता येतं

सर्जन वयाने माझ्याएवढेच असतील. बोलायला संथ. त्यांनी मला खाली वाकायला लावलं, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाच्या बोटांत ताकद किती ते पाहिलं. मग म्हणाले, "पायाची ताकद चांगली आहे. त्यामुळे घाई नाही. आपल्याकडे विचार करायला वेळ आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण अशा बाकाच्या बऱ्याच बायका मला आता भेटतात आणि हेच विचारतात. मोठेपणी बाक व्यायामाने सरळ होत नाही. पट्ट्यानेही होत नाही. वाढत्या मुलांना पट्ट्याचा उपयोग असतो, आपल्याला फार तर थोडे दिवस आधार मिळतो. पण व्यायामाने पाठीचे स्नायू धरून ठेवायला शिकतात आणि दुखणं कमी होऊ शकतं. गोळ्या असतात. नस दाबली जात असेल तर तिच्यापाशी इंजेक्शन देता येतं. आणि शेवटी ऑपरेशन. त्यात कण्याला दोन बाजूंनी सळ्या लावून, स्क्रूने बसवून, मणके एकमेकांना जोडून टाकतात. पाठ बऱ्यापैकी सरळ होते, पण जोडलेला भाग मग वाकत नाही. मोठं ऑपरेशन असतं, सावरायला महिने जातात. काहींना ते करावंच लागतं आणि करून चांगलं होतं.

"आणि काहीच केलं नाही तर?" दिनेशनी विचारलं.

"तर लक्ष ठेवायचं. पण पायातली ताकद कमी झाली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

हे शेवटचं वाक्य मी दुकानातल्या आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलंय. ज्यांच्या पाठीत बाक आहे त्यांनीही कुठेतरी चिकटवावं.

उतार पडला का

गोळ्यांनी दुखणं थोडं कमी झालं, पण सगळं जगच जरा लांब गेलं. नसांसाठीच्या गोळीने दिवसभर डोळ्यांवर पेंग असायची. दुकानात बसले की साड्यांचे काठ हळूहळू सरकताना दिसत. बाहेरची रिक्षा, समोरच्याची अगरबत्ती, मागचे लूम, सगळं एकाच मऊ आवाजात मिसळायचं. वाईट नव्हतं ते, खोटं कशाला बोलू. एका बाईची छाती मी दोनदा मोजली तेव्हा ती म्हणाली, "नंदाताई, मी एवढ्यात जाड झाले नाही हो." त्या दिवसापासून शबनमने माझी कात्री कपाटात ठेवली आणि माझा फोनही तीच घ्यायला लागली.

शबनमचं घर उर्दू बोलणारं. मराठी ती दुकानात शिकली, म्हणजे माझ्याकडूनच. त्यामुळे काज, अस्तर, काख, घेर, उतार हे शब्द तिचे पक्के, बाकीचं ती हिंदीवर भागवते.

माझ्या सासूबाई वज्रेश्वरीच्या अलीकडे आमच्या गावी राहतात. सुनेच्या पाठीची बातमी ऐकून त्यांचा जीव खालीवर होत होता. एके दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी कापडाच्या गठ्ठ्याला टेकून पेंगत होते. शबनमने फोन घेतला.

"काय गो, नंदाला उतार पडला का?" सासूबाईंनी विचारलं. आजारपण कमी झालं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. 

शबनमला एकच उतार माहीत होता. ती म्हणाली, "हो आई, चांगला उतार आहे. डाव्या बाजूला तर बहुतच आहे."

"डाव्या बाजूला? नि उजव्या बाजूला न्हाय?"

"उजव्याला कम आहे. पर दीदी बोलती है, चलता है. सबका थोडा कम-ज्यादा होता है."

सासूबाईंना एवढं पुरे झालं. त्या दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीला जाऊन देवीला नारळ फोडून आल्या आणि नंदाला उतार पडला, डावी बाजू तर पूर्णच बरी झाली, असं त्यांनी गावभर सांगितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. शबनमलाही काही सांगण्यासारखं घडलंय असं वाटलं नव्हतं.

हळद

महिन्याभरात दिनेशच्या पुतण्याची हळद होती. आमच्या आगरी घरांत लग्न एकवेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. मी नको म्हणत होते, पण गावाहून जो फोन येई तो एकच सांगे, तू आता बरी झालीस, मग यायलाच पाहिजे. मला वाटलं, लोक आपले धीर देतायत. दिनेशना वाटलं, मीच आईला तसं सांगितलंय. आम्ही एकमेकांना विचारलं नाही आणि गेलो.

मांडवात पिवळे बल्ब होते, पिवळ्या साड्या होत्या, बायकांचे हात आणि गालही पिवळे. बँड वाजत होता. गोळीची गुंगी आणि तो उजेड यांत मला सगळं पाण्याखाली चालल्यासारखं दिसत होतं. चुलतजावेने माझा हात धरला. "आता काय कारण सांगतेस गो? उतार पडलाय ना तुला? चल."

मी गेले. नाचले म्हणता येणार नाही, त्यांच्या घोळक्यात उभी राहिले, दोन पावलं पुढे, दोन मागे. आणि मग माझा उजवा पाय माझा राहिला नाही. दुखला नाही, फक्त जड आणि लांब झाला. मी हळूच जमिनीवर बसले. बसले ती बसलेच. भोवती पिवळ्या साड्यांचे घेर फिरत होते आणि मला उठता येत नव्हतं.

बँड थांबला. सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या, माझ्यापाशी बसल्या आणि ओरडल्या, "दुकानातली ती पोरगी बोलली उतार हाय म्हणून. खोटं बोलली का ती?"

दिनेशनी तिथूनच शबनमला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बिचारी घाबरली. "आई, मैंने सच बोला. कंधे का उतार आहे. डाव्या खांद्याला. तुमने उतार पूछा, तो मैंने उतार बताया."

मग चुलतजावेला हसू फुटलं आणि सगळा मांडव हसला. मीही जमिनीवर बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई सगळ्यांत शेवटी हसल्या, आणि हसता हसता पदरात तोंड घालून रडायला लागल्या. दिनेश मात्र हसले नाहीत. त्यांनी गाडी मांडवाच्या तोंडाशी आणली.

उसंत

थोड्या वेळाने पायात जीव आला. तरी आम्ही थेट ठाण्याला गेलो. ताकद कमी झालेली नव्हती, नस मात्र फार चिडली होती. सर्जनने इंजेक्शन द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी मला ॲडमिट केलं.

हॉस्पिटलमध्ये तुमचं तुमच्याकडे काही राहत नाही. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, दिनेशनी ते रुमालात बांधून खिशात ठेवलं आणि दर थोड्या वेळाने खिसा चाचपत राहिले. सिस्टरने माझ्या उजव्या पायावर पेनाने खूण केली, चुकून दुसरा नको म्हणून. मला निळा गाऊन दिला. त्याला खांदाच नव्हता, नुसता सरळ कापलेला चौकोन. मी त्याची शिवण तपासत बसले, तेवढंच हाताला काम.

टेबलावर पालथं झोपवून त्यांनी पाठीत सुई घातली. कुठवर गेली ते ते पडद्यावर बघत होते. माझ्या नडग्यांखाली एका मावशींनी न सांगता उशी सरकवली आणि माझ्या घोट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, तो हात मात्र अजून आठवतो. पायात एक ऊब उतरत गेली आणि कितीतरी महिन्यांनी पाय शांत झाला. परतीच्या वाटेवर माणकोलीचा पूल, खाडीचं पाणी, गोदामांच्या लांबच लांब पत्र्यांवरचं ऊन, सगळं मी तरंगत पाहिलं.

"हा इलाज नाही, उसंत आहे," सर्जन म्हणाले होते. "पुढचं काय ते या उसंतीत ठरवू."

तारीख

पुढच्या भेटीत मी खुर्चीवर नीट बसायच्या आधीच दिनेश म्हणाले, "डॉक्टर, ऑपरेशनची तारीख द्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. घरी यावर आमचं बोलणं झालं नव्हतं. सासूबाईंचं रोज फोनवर चालू होतं, पाठीत लोखंड घालून घेऊ नको, माझी शपथ हाय. दिनेश नुसते ऐकून घ्यायचे. म्हणजे त्यांचं मनात आधीच ठरलं होतं.

"कुणाची तारीख घेताय?" मी विचारलं. "पाठ माझी आहे."

"तू मांडवात खाली बसलीस तेव्हा मला वाटलं, ही आता उठत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. डॉक्टरांसमोर त्यांना त्याची लाज वाटली आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मला परत ते बघायचं नाहीये. एकदाची सरळ होऊ दे."

मला राग आला होता, तो तिथेच विरघळला असं मी म्हणणार नाही. राग होताच. पण एवढा मोठा माणूस इतका घाबरलाय, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

सर्जनने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला विचारलं, "तुम्हाला या पाठीकडून काय हवंय?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सरळ नसली तरी चालेल. मला एक ब्लाउज उभ्याने कापता यायला पाहिजे. आणि माझ्यामुळे कुणाला हातातलं काम टाकून धावत यावं लागू नये. माझा भार कुणावर नको."

"मग आपण दिवाळीनंतर परत एक्स-रे काढू," ते म्हणाले. "तोपर्यंत व्यायाम, अगदी मनापासून. बाक वाढला किंवा पाय कमजोर झाला, तर मी स्वतः ऑपरेशनचा आग्रह धरेन. नाही वाढला आणि तुम्हाला जगता येत असेल, तर नाही धरणार. कबूल?"

मी हो म्हटलं. दिनेशनी मान हलवली, ती हो होती की नाही ते मला दिवाळीपर्यंत कळलं नाही.

शुक्रवार

केतकी माझी फिजिओथेरपिस्ट, माझ्या भाचीच्या वयाची. तिने मला आधी एकच गोष्ट शिकवली, श्वास कुठे न्यायचा ते. माझी पाठ उजवीकडे फुगलेली आणि डावीकडे चेपलेली आहे. चटईवर कुशीवर झोपायचं, बरगड्यांखाली टॉवेलची गुंडाळी, आणि श्वास त्या चेपलेल्या बाजूला पाठवायचा. 

"तिथे श्वास जातच नाही गं," मी म्हणायचे.

"जाईल, नंदाताई. बरीच वर्षं बंद असलेली खोली आहे ती. दार हळू उघडा."

आठवड्यात शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी सकाळी भिवंडीत शांतता असते. पूर्वी मला ती शांतता खायला उठायची. आता मी शुक्रवारी मुद्दाम जास्त वेळ चटईवर पडून राहायचे. खिडकीतून उजेड फरशीवर यायचा. कबुतरं पत्र्यावर चालायची, त्यांची नखं वाजायची. श्वास आत घ्यायचा, डाव्या बरगड्यांशी न्यायचा, थांबायचं. कित्येक दिवस काहीच झालं नाही. आणि एका शुक्रवारी तिथे काहीतरी हललं. झोपलेल्या बाळाने पोटात कूस बदलावी, तेवढंच. मी डोळे मिटून पडून राहिले. आपल्याच शरीरात आपण पाहुणे म्हणून आलोय आणि कुणीतरी आतून या म्हणतंय, असं वाटलं. मला रडू आलं. आनंदाचं होतं ते.

सगळे दिवस असे नव्हते. काही दिवस पाय परत पेटायचा आणि मी टॉवेलची गुंडाळी भिंतीवर फेकायचे. दिनेश ती उचलून परत चटईवर ठेवायचे. नंतर मी नस चिडू कशी द्यायची नाही ते शिकले. कापताना टेबल उंच केलं, एक पाय पाटावर ठेवायला लागले, मध्येच बसायला लागले. शबनमने माझी कात्री परत दिली.

जिथे होता तिथे

दिवाळीनंतरचा एक्स-रे सर्जनने जुन्याच्या शेजारी लावला. आम्ही तिघेही बघत होतो. मी सरळपणा नको म्हटलं होतं, तरी मनात एक चोरटी आशा होतीच. इतका श्वास ओतला, थोडा तरी सरळ झाला असेल.

"जिथे होता तिथेच आहे," सर्जन म्हणाले. "वाढला नाही. पाय मजबूत आहे. आता तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "ऑपरेशन आत्ता नको. लागलं तर घाबरणार नाही, करेन. पण आत्ता नको."

त्यांनी फाइल बंद केली आणि वर्षाने यायला सांगितलं. 

बाहेर आल्यावर दिनेश पार्किंगमध्ये थांबले. "सरळ नाही झालीस," ते म्हणाले.

"नाही."

"बरं." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "मी उगाच घाई केली का?"

"केलीत. पण घाबरून केलीत."

"हो," ते म्हणाले, आणि मग आम्ही चहा प्यायला गेलो. मागच्या भेटीत हललेली ती मान हो होती, हे मला तेव्हा कळलं.

इथे मला एक सांगायचंय. मी ऑपरेशन टाळलं म्हणून तुम्ही टाळा असं मुळीच नाही. केतकीकडे येणाऱ्या एका बाईंच्या पाठीत सळ्या आहेत आणि त्या माझ्यापेक्षा लांब चालतात. त्यांचा पाय लुळा पडत चालला होता, त्यांना थांबणं परवडलं नसतं. कुणाच्या सल्ल्याने घाई करू नका आणि कुणाच्या शपथेने थांबूही नका. आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा, मग डॉक्टरांना विचारा ते मिळेल का.

अकलोली

सासूबाईंना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी फोनवर नीट खात्री करून घेतली. "ऑपरेशन न्हाय म्हणजे न्हायच ना? सरल सांग." मग म्हणाल्या, आता अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर चल. सर्जनना मी विचारलं होतं, गरम पाण्याने बाक जात नाही, पण अंग मोकळं होतं, जा, असं ते म्हणाले होते.

थंडीची सकाळ होती. कुंडावर वाफ इतकी दाट होती की पलीकडच्या बायका फक्त बोलण्यावरून कळत होत्या. आम्ही दोघी दगडी पायऱ्यांनी खाली उतरलो आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. गंधकाचा वास, नदीकडून येणारा गारवा, पाण्यात सुटलेले सासूबाईंचे पांढरे केस. पाण्यात माझा भार मलाच लागत नव्हता. मी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सासूबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. देवीला माझंच काहीतरी सांगत असणार.

निघायची वेळ झाली. मी पुढे झाले, पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, जपून एकेक चढत होते. मागून आवाज आला.

"नंदा, थांब गो. माझा पाय घसरतंय. हात दे."

मी वळले आणि हात दिला. त्यांनी तो धरला, दुसरा हात माझ्या खांद्यावर टाकला आणि स्वतःला सगळी माझ्यावर सोडून दिली. म्हातारी असली तरी शेतात राबलेल्या बाईचं वजन ते. मी एक पायरी चढले, थांबले, त्यांना वर घेतलं. मग पुढची. वाफेत त्या काही काही बोलत होत्या, सांभाळ, हलू चल, मना सोडू नको. 

मी नाही सोडलं. वर पोचल्यावर त्या कट्ट्यावर बसल्या, माझ्याकडे न बघता केस पिळत म्हणाल्या, "आता टॉवेल दे, गारठले."